चांगुणाआत्याचा ओ

रात्री साडेअकरा. करावे गाव, तिसरा मजला.
स्क्रीनवर कोल्ह्याच्या कानांची एक मुलगी
तोंड मिटून बसलेली.
गिऱ्हाईक चिलीचं. तिथे अजून दुपार.
निरोप येतो: डोळे सुंदर, पापण्या सुंदर,
पण बोलायला लागली की मासा वाटते.

मासा कसा दिसतो ते मला नका सांगू.
तरी मी पुन्हा ओठ घासतो,
आ, ई, ऊ, ए, ओ.
चार जमतात.
ओ म्हटलं की गालाचं जाळं फाटतं.

खुंटीला बेंजो. त्याची एक तार सोमवारपासून तुटलेली,
शनिवारी सारसोळ्याला हळद वाजवायची आहे.
टेबलाखाली कॅमेऱ्याची बॅग,
तिच्या चेनमध्ये किन्नौरची धूळ.
मे महिन्यातली. आता नोव्हेंबर आहे.
दोन हजार तीनशे फोटो, पाहिलेले चाळीस.

प्रणिता म्हणते, एक काहीतरी धर.
ती रागावून नाही म्हणत.
कांदा-बटाटा मार्केटात खातेवही सांभाळते ती,
तिला बेरीज लागत नाही त्याचा त्रास होतो.

मी तिला धारण तलावाचं सांगतो:
भरती आली की दरवाजे मिटतात,
ओहोटीला उघडतात,
म्हणून आपलं सेक्टर बुडत नाही.
ती म्हणते, तुझे दरवाजे गंजलेत,
आणि कूस बदलते.

ओ शोधायला मी मे महिना उघडतो.
लोक डोंगर दाखव म्हणतात. माझ्याकडे डोंगर कमीच.
बसस्टँड, पाट्या, कुणाच्या तरी हातातला पराठा,
आणि एक कंडक्टर, दारातून अर्धा बाहेर,
रिकाँगपिओ-ओ-ओ
असा ओरडताना पकडलेला.
गोल तोंड. मी तेच उचलून मुलीला बसवलं.
पहाटे उत्तर: बरं आहे,
पण ती आता सारखी
कुणाला तरी बसमध्ये चढवतेय.

शनिवारी हळद. उसन्या तारेवर बेंजो.
मांडवात चांगुणाआत्या धवला म्हणायला बसली,
आमची शेवटून दुसरी धवलारीण,
खालचे दोन दात नाहीत, पदर दातांऐवजी हिरडीत धरलेला.
तिचा ओ
ओठांवर सुरू होत नाही.
आधी हनुवटी थोडी खाली येते,
मग गळ्याची एक शीर,
मग ओठांना कळतं की आता उघडायचंय.

मी बेंजो मांडीवर ठेवला, कॅमेरा काढला.
दोन आवर्तनं हुकली. ढोलकीवाल्या जितूने
जे पाहिलं माझ्याकडे, ते फोटोत आलंय.
आत्या ओळ सोडून म्हणाली,
मेल्या, माजा तोंड कनाला काढतंस?
आणि पुढच्याच श्वासात
जिथे सोडली तिथूनच ओळ उचलली.

एकशे चौदा फोटो.
रविवार गेला. सोमवारी रजा टाकली, कारण लिहिलं ताप.
हनुवटी, शीर, ओठ,
या क्रमाने हाडं जोडत गेलो.
दात मात्र सगळे ठेवले.

बुधवारी चिलीहून व्हिडिओ आला.
कोल्ह्याच्या कानांची मुलगी मान कलती करून
पहिला शब्द बोलली:
ओला.
तिकडे तो नमस्कार असतो.
मी तो सात वेळा पाहिला. आठव्यांदा
फोन घेऊन खाली आत्याकडे गेलो.
ती बोंबील साफ करत होती,
खवलेल्या बोटांनी फोन धरला नाही, नुसती वाकली.
मुलगी म्हणाली, ओला.

आत्याने पाहिलं. स्वतःला ओळखलं नाही.
कानांकडे पाहिलं, मग काळजीने विचारलं:
काय ओला झाला गो पोरी?

वर आलो. प्रणिताला सांगायचं होतं,
पण तिची मार्चअखेर नोव्हेंबरातच सुरू झालेली.
जितूची तार परत द्यायची आहे.
माझी नवी मी आणली होती, नक्की आणली होती,
मेमरी कार्डांच्या डब्यात असेल,
नाहीतर बॅगेच्या त्या कप्प्यात,
जिथे अजून थोडं किन्नौर आहे.